पैलवान, हीटर आणि साताऱ्याची थंडी

साताऱ्यात बेट्टा पाळायचा असेल तर आधी थर्मामीटर घ्या, मासा नंतर आणा. दुकानात हे कोणी सांगत नाही. तिथे मासा, काचेचा गोल बाउल, रंगीत खडे आणि खाण्याची डबी असं सगळं एकदम पिशवीत घालून देतात आणि वर "फायटर आहे ताई, याला काय लागत नाय, पंपपण नको" असं ऐकवतात. पंपाचं म्हणणं अर्धं खरं आहे. बेट्ट्याला कल्ल्यांच्या जोडीला लॅबिरिंथ नावाचा एक जादा अवयव असतो, त्याच्या जोरावर तो वर तोंड काढून सरळ हवा घेतो, त्यामुळे जिथे गोल्डफिश तडफडेल तिथे हा टिकतो. पण टिकला म्हणजे मजेत आहे असं नाही ना. हवेचा प्रश्न सुटला तरी घाणीचा आणि थंडीचा राहतोच, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१३ वर आला की टेबलावरच्या त्या बाउलचं काय होत असेल बघा. हा मासा मूळचा थायलंडचा, भातखाचरातला, उथळ गवताळ उबदार पाण्यातला, त्याला २५ ते २८ डिग्री लागतात. थायलंडनं २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर केलंय, आणि आपण त्याला बरणीत ठेवून "काय लागत नाय" म्हणतो.

माझ्याकडे जो आला तो भाच्याचा. तो शिकायला हॉस्टेलला गेला, ताईला ऑफिस सांभाळून त्याचं बघणं जमेना, मग दिवाळीला आली ती कराडहून एसटीत मांडीवर बरणी धरूनच. नाव पैलवान. फायटर मासा आणि घर कराडात, खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून हाकेच्या अंतरावर, मग दुसरं नाव काय ठेवणार. पण पैलवानाची तब्येत बघवत नव्हती. निळा हाफमून, म्हणजे शेपूट अर्धवर्तुळासारखी पसरते ती जात, शेपूट मोठी, पण कडा कुरतडल्यासारख्या आणि टोकाला काळपट, पर अंगाशी मिटलेले, बरणीच्या तळाशी आडवा पडून राहायचा आणि मधेच एकदा धडपडत वर येऊन हवा घेऊन परत खाली. आई म्हणाली हा काय राहत नाही बाई. ज्या दुकानातून तो घेतला होता तिथे ताईनं फोन केला तर त्यांनी सांगितलं निळं औषध टाका, नाहीतर मेडिकलमधून अँटिबायोटिकची कॅप्सूल आणून फोडून टाका.

मी दोन्ही टाकलं नाही. माझी एक मैत्रीण सांगलीला असते, विश्रामबागला, तिच्याकडे टाक्याच टाक्या आहेत. तिला फोटो पाठवला तर तिचा पहिला प्रश्न औषधाचा नव्हताच, ती म्हणाली पाण्याचं टेंपरेचर सांग आणि अमोनिया सांग, ते नसेल माहिती तर मला काही विचारू नकोस. रागच आला होता थोडा. पण बरोबर होतं तिचं. थर्मामीटर घातला तर पाणी २० ला, तेही दुपारी. अमोनियासाठी ऑनलाइन लिक्विड टेस्ट किट मागवलं, महाग आहे, पण पट्ट्यांपेक्षा तेच घ्या कारण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतोच. नळीत ५ मिली टाकीचं पाणी, पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसऱ्या बाटलीचे आठ थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक. आमचं पाच मिनिटं व्हायच्या आधीच गवती हिरवं झालं. टीडीएस मीटर घरात होता आरओवाल्यानं दिलेला, त्याचा इथे काही उपयोग नाही हेही कळलं, तो विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यात अमोनिया किती हे तो सांगत नाही.

अमोनिया कुठून येतो तर माशाच्या कल्ल्यांतूनच बाहेर पडतो, शिवाय विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या खाण्यातून. बरणीत पाणी दीड लिटर, त्यामुळे सकाळी बदललं तरी लवकरच ते त्याला झोंबायला लागतं. मोठ्या टाकीत तेवढीच घाण जास्त पाण्यात पसरते आणि तिथे बॅक्टेरिया वाढतात, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन माशाला विषारी, शेवटचं त्यामानाने सौम्य, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. याला सायकल म्हणतात आणि नवीन टाकीत ती बसायला चार-सहा आठवडे सहज जातात, थंड पाण्यात त्याहून जास्त.

तर टाकी घेतली. फूट बाय फूट बाय फूट, वरून दोन इंच रिकामी सोडली की साधारण २२-२३ लिटर पाणी बसतं. बेट्ट्याला मी याच्या खाली जाणार नाही, लोक १० लिटरमध्येही ठेवतात पण जितकं पाणी कमी तितकं ते पटकन बिघडतं आणि पटकन गार होतं. वर झाकण हवंच. एक तर हा उडी मारतो, आणि झाकणाखालची हवा उबदार दमट राहते, तीच तो आत घेतो. स्पंज फिल्टर, छोटा एअर पंप, ५० वॅटचा हीटर. पॉवर फिल्टर दुकानदार गळ्यात मारत होता पण लांब शेपटीच्या माशाला एवढा प्रवाह झेपत नाही, तो दिवसभर पोहूनच दमतो, आणि शेपूट जाळीत ओढली जाते ते वेगळंच. स्पंजचे बुडबुडेसुद्धा मी नळीवरच्या छोट्या कॉकनं कमी केलेत.

सांगलीहून मैत्रिणीनं तिच्या चालू टाकीतला एक काळाकुट्ट स्पंज ओल्या पिशवीत घालून पाठवला. दिसायला इतका घाण की आईनं तो धुवायलाच घेतला होता, नळाखाली धरणार तेवढ्यात मी ओरडले. तो स्पंज म्हणजे विरजण हो, त्यात ते बॅक्टेरिया असतात आणि नळाच्या क्लोरीननं ते मरतात. आणि विरजणाचंच गणित पुढेही लागू पडतं, गारठ्यात दही लागत नाही तसं थंड पाण्यात सायकलही लागत नाही. हीटर फक्त माशासाठी नाही तर या मंडळींसाठीसुद्धा आहे. स्पंज पुढे कधी चोंदला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बास.

हीटरचं जरा सविस्तर सांगते कारण साताऱ्यात खरी गोष्ट तीच आहे. डायलवर २६ ला काटा ठेवला म्हणजे पाणी २६ होतं असं नाही, माझ्या हीटरवर २६ ला पाणी २८ च्या वर गेलं, म्हणून थर्मामीटर हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात लावा आणि त्याच्यावर विश्वास ठेवा. पैलवानाला २० वरून एकदम २६ ला नेलं नाही, दिवसाला दोनेक डिग्री असं चढवत नेलं. पाणी काढताना हीटर आधी बंद करायचा, प्लग काढायचा, थोडा वेळ थांबायचं आणि मग पाण्यात हात घालायचा, चालू हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते आणि शॉकची भीती असते ती वेगळी. वायर बोर्डाच्या खाली लोंबेल अशी सोडा म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल तर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घाला, वीस-तीस रुपयांची वस्तू आहे, नाहीतर लाईट गेली की पाणी उलटं नळीतून पंपात आणि पंपातून फरशीवर. माझ्या शेजारच्यांकडे हे झालेलं, सकाळी त्यांना वाटलं फ्रीज गळतोय.

लाईट जास्त वेळ गेली तर? मासा हवा वरून घेतो त्यामुळे लगेच घाबरायचं नाही, पण २२ लिटर पाणी थंडीत भराभर उतरतं. टाकीच्या मागे आणि दोन बाजूंना मी थर्माकोल कायमचाच लावलाय, फ्रीजच्या खोक्यातला, आणि लाईट गेली की वरून जुनी गोधडी, फक्त झाकणावर थोडी फट ठेवून. एवढ्यात पाणी बराच वेळ धरतं. गरम पाणी ओतत बसू नका, पाणी असं वर-खाली होणं माशाला गारठ्याइतकंच वाईट.

पहिले काही आठवडे मात्र रोजचं काम होतं, खोटं कशाला बोलू. पाठवलेला स्पंज असला तरी टाकी नवी आणि त्यात मासा आधीच, म्हणून रोज टेस्ट करायची आणि अमोनिया किंवा नायट्राइट किटच्या रंगांच्या तक्त्यावर ०.५ कडे जायला लागलं की एक चतुर्थांश पाणी बदलायचं. नवीन पाण्यात अँटीक्लोरीन टाकायचं, आणि पाणी त्याच टेंपरेचरला आणायचं, बादलीत किटलीभर गरम पाणी मिसळून थर्मामीटर बुडवला की कळतं. क्लोरीन नुसतं बादलीत दिवसभर उघडं ठेवूनही उडतं, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं, असेल तर ते तसं उडत नाही, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास किती येतो ते आपल्याला माहितीये, त्यामुळे मी थेंब टाकतेच. दुसरं म्हणजे आमच्याकडे नळाचंही पाणी आहे आणि सोसायटीच्या बोअरचंही, दोन्ही चालतात पण अदलून बदलून नको. बोअरचं जड, बादलीवर पांढरे डाग सोडतं, नळाचं त्यामानाने हलकं, आज एक उद्या दुसरं केलं की माशाला दर आठवड्याला नवीन गावी गेल्यासारखं होतं. नुसतं आरओचं तर अजिबात नको, त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत आणि पीएच धरून ठेवायला काही राहत नाही.

शेपटीचं काय झालं हे सगळे विचारतात. औषधाशिवाय भरली. पाणी उबदार झालं, अमोनिया पिवळ्यावर आला आणि पैलवान तळ सोडून मधल्या पाण्यात हिंडायला लागला, मग एक दिवस काळ्या कडेच्या पुढे एकदम पारदर्शक पातळ पडदा दिसला, सेलोटेपच्या कडेएवढा. ताईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ती म्हणाली अगं बुरशी आली वाटतं. बुरशी नव्हती, नवीन पर आधी असाच बिनरंगाचा येतो, रंग मागून चढतो. बुरशी असती तर कापसासारखी पांढरी, फुगीर दिसली असती. हे ओळखता आलं पाहिजे कारण नेमकं याच वेळी लोक घाबरून औषध ओततात. आणि कडा न काळवंडता एका रात्रीत शेपटीचा अर्धगोल तुकडा गायब असेल तर तो रोग नाही, तो बहुधा माशानं स्वतःच चावलेला असतो, हाफमूनमध्ये जड शेपटीमुळे हे बऱ्याचदा दिसतं.

औषधाच्या विरोधात आहे असं नाही. पण निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधले बॅक्टेरियाही मार खातात, म्हणजे रोग बरा करता करता अमोनिया परत वर. द्यायचंच तर वेगळ्या डब्यात. आणि कुठलंही अँटिबायोटिक रोग न ओळखता टाकणं मला पटत नाही, माणसांतसुद्धा नाही पटत. टॉर्च मारून अंगावर सोनेरी धूळ दिसली तर वेल्वेट, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर इच, या दोन्हीला खरंच औषध लागतं आणि लवकर लागतं. खवले उभे राहून पोट सुजलं तर मात्र आतून अवयव बिघडलेले असतात, त्यातून फार थोडे वाचतात.

खाण्यावरून घरात भांडणं झाली. आई दरवर्षी संगम माहुलीला गेली की घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकते, तिच्या दृष्टीनं मासा म्हणजे कणीक खाणारा. पैलवानाला दिवसाला पाच-सहा पेलेट देतेस, अगं उपाशी मारशील. पण बेट्टा किडे खाणारा आहे, कणीक, पोळी, मुरमुरे यातलं त्याला काही पचत नाही, ते तळाशी कुजतं आणि परत अमोनिया. सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन पेलेट, आठवड्यातून एक उपास. उपास म्हटल्यावर आईला एकदम पटलं, तिनं स्वतःच सोमवार ठरवून टाकला. पोट फुगून मासा तिरका पोहायला लागला तर पहिला इलाज हाच, दोन दिवस खाणं बंद. वाटाणा सोलून द्या असं सांगतात, किडे खाणाऱ्याला वाटाणा का द्यायचा मला कळलेलं नाही. कधीतरी फ्रोजन ब्लडवर्म किंवा डाफ्निया देते. डासांच्या अळ्या त्याला प्रचंड आवडतात, पण गटाराच्या पाण्यातल्या नको आणि मुद्दाम घरात वाढवणं तर त्याहून नको, आशाताई पिंपं तपासायला येतात तेव्हा काय सांगणार. त्या आमच्या टाकीत डोकावून म्हणाल्या, गप्पी का? मी म्हटलं नाही, पैलवान.

डासांवरून आठवलं, हे कुठेच नीट सांगितलेलं नसतं. डासांचं लिक्विड, कॉइल, स्प्रे यातली बरीचशी औषधं पायरेथ्रॉइड गटातली, माणसाला फारशी बाधत नाहीत पण माशाला अतिशय विषारी. आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो, म्हणजे आपण स्वतः ते पाण्यात मिसळतो. टाकी असलेल्या खोलीत आम्ही मच्छरदाणी लावतो. गल्लीत धुराची गाडी आली की खिडक्या बंद, पंप बंद, झाकणावर ओला टॉवेल, धूर गेला की सगळं परत चालू. गणपतीत धुपाच्या वेळीही पंप तेवढा बंद करते, कोणी हसलं तर हसू दे.

बदामाच्या पानांचं लोक फार कौतुक करतात, थोडंफार रास्त आहे. आपल्याकडे शाळांच्या मैदानात देशी बदामाची झाडं असतात, त्याचीच पानं, ऑनलाइन दहा पानं कसल्या भावानं विकतात बघून थक्क झाले. झाडावरची हिरवी तोडायची नाहीत, आपोआप गळून तपकिरी झालेली घ्यायची, रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेली नाही ना बघून, धुवून, उकळतं पाणी ओतून मग टाकायची. पाणी चहाच्या रंगाचं होतं, त्यातल्या टॅनिननं जंतूंना थोडा आळा बसतो आणि पैलवान त्या पानावर झोपतो. पण पान टाकलं म्हणून पाणी बदलायचं नाही असं नसतं.

जानेवारीत पाण्यावर फेसासारखं घरटं दिसलं आणि भाच्यानं तिकडे हॉस्टेलमध्ये पेढे वाटायचं बाकी ठेवलं. नर वयात आला की असं बुडबुड्यांचं घरटं करतो, अंडी त्यातच ठेवून तोच राखतो. मासा अगदी खूश आहे याचा तो पुरावा नाही, खराब पाण्यातले नरही करतात. तरी बरं वाटलंच. मग भाच्याचं सुरू झालं की आता मादी आण. नाही आणली. मादी फक्त पिल्लांच्या वेळी आणि तेही लक्ष ठेवून, नाहीतर नर तिला फाडतो, आणि दुसरा नर तर शेजारच्या बरणीतही नको, दिवसभर कल्ले फुगवून दोघं एकमेकांना दाखवत बसतात आणि दमतात.

उन्हाळा आपल्याकडे त्यामानाने सोपा. पाणी ३० पर्यंत गेलं तर मी फार काही करत नाही, हीटर आपोआप बंदच असतो, टाकी खिडकीच्या उन्हातून हलवते आणि झाकणाच्या जागी बारीक जाळी लावते. पाणी आटतं ते भरताना लक्षात ठेवायचं की वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार मागेच राहतात, म्हणून नुसती भर घालून चालत नाही, बदललं पाहिजेच.

राहता राहिलं गावाला जायचं. यात्रेला आम्ही तीन-चार दिवस जातो आणि तेवढे दिवस धडधाकट बेट्टा न खाता आरामात राहतो. पांढरे खडूसारखे सुट्टीतले फीडर ब्लॉक टाकू नका, ते विरघळून पाणी खराब करतात. जास्त दिवसांचं असेल तर शेजारच्या काकूंना सांगते, पण पेलेटची डबी त्यांच्या हातात देत नाही, आठवड्याच्या गोळ्यांची कप्प्यांची डबी असते ना बीपीवाल्यांची, तिच्यात रोजचे मोजून पेलेट भरून ठेवते, सोमवारचा कप्पा रिकामा, आणि मूळ डबी कपाटात कुलपात. मागच्या वेळी सोमवारी काकूंचा फोन आला, अगं आजचं भरायला विसरलीस बघ, मी आपली थोडी शेव टाकू का?